झाडाखालची ती गाडी कोणती? नागपुरात जुन्या मोटारी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

जुन्या गाड्यांची आवड लागली की माणूस आधी विंटेज रॅलीची वाट बघत बसतो. रॅली जरूर बघा, पण तिथे ओळखण्यासारखं फार उरत नाही. गाडीसमोर पाटी असते, पाटीवर नाव आणि साल असतं, मालक शेजारी टोपी घालून उभा असतो. खरी गंमत धंतोलीच्या एखाद्या गल्लीत असते. कडुनिंबाखाली ताडपत्री टाकलेली गाडी, वायपरमध्ये अडकलेला पाला, चारही टायर बसलेले आणि बाहेर फक्त अर्धा बंपर. त्या अर्ध्या बंपरवरून गाडीचं नाव सांगता आलं पाहिजे. ते कसं शिकायचं, एवढंच इथे सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुर्मीळ म्हणजे राजेरजवाड्यांची, असं समजू नका. 1930 च्या ब्यूक-शेवरोले लोकांनी जिवापाड जपल्या. 1980 च्या दशकातली फसलेली गाडी कोणीच जपली नाही, ती थेट भंगारात गेली. नागपुरात आज स्टँडर्ड 2000 किंवा सिपानी डॉल्फिन दिसली, तर माझ्या लेखी ती रॅलीतल्या दहा चकचकीत गाड्यांवर भारी.

1. आधी घराणी पाठ करा

स्वातंत्र्यानंतरची पस्तीसेक वर्षं भारतात गाड्यांची मोजकीच घराणी होती. त्यामुळे काम वाटतं तितकं अवघड नाही.

हिंदुस्थान मोटर्स : मॉरिसच्या गाड्या. हिंदुस्थान 10, हिंदुस्थान 14, बेबी हिंदुस्थान, 1954 ची लँडमास्टर, आणि 1957 पासून अँबेसेडर. 1984 पासून काँटेसा, तिचं मूळ इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर.

प्रीमियर : सुरुवातीला डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो. बॉडी जवळपास एकच, बिल्ले तीन, म्हणून बिल्ला वाचल्याशिवाय पैज लावू नका. मग फियाट 1100 : आधी ‘डुक्कर फियाट’, मग एलिगंट, सुपर सिलेक्ट, 1964 ची डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी. 1985 मध्ये 118 एनई आली, ती फियाट 124 वरून घेतलेली.

स्टँडर्ड, मद्रास : व्हॅनगार्ड, स्टँडर्ड 8 आणि 10, पेनंट, 1961 पासून हेराल्ड, 1972 मध्ये गझेल, आणि 1985 ते 1988 एवढंच आयुष्य लाभलेली स्टँडर्ड 2000.

महिंद्रा आणि बाकीचे : महिंद्राच्या म्हणजे विलीजच्या जीप. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली जोंगा. बंगळूरची सिपानी, म्हणजे तीनचाकी बादल आणि फायबरची डॉल्फिन. पुण्याची मॅटाडोर. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेली पहिली मारुती 800, म्हणजे चौकोनी एसएस 80. ती आता खरोखरच शोधावी लागते. लोक 1986 नंतरच्या गोलसर मारुतीलाच ‘पहिली मारुती’ म्हणून दाखवतात.

एवढं डोक्यात बसलं की नागपुरातल्या बहुतेक जुन्या गाड्या तुमच्या टप्प्यात आल्या.

2. सोबत काय घ्यायचं

- खिशात मावणारी वही आणि पेन. मोबाइलमध्ये टिपलेलं पुन्हा कोणी उघडत नाही.
- मोबाइल, चार्ज केलेला, लेन्स पुसलेली.
- छोटा टॉर्च. जुनी गाडी नेहमी गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यातच असते.
- जुनं फडकं. परवानगी मिळाली तर बिल्ल्यावरची धूळ पुसायला.
- पाण्याची बाटली आणि दुपट्टा. मार्च ते जून सकाळी नऊच्या आत घरी या. पंचेचाळीस डिग्रीत गाडी ओळखू येत नाही, स्वतःचं घरही ओळखू येत नाही.

3. कुठे आणि कधी

धंतोली, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स आणि धरमपेठेतले जे जुने बंगले अजून बिल्डरच्या हाती गेले नाहीत, ते पहिलं ठिकाण. बंगला पाडायला निघाला की आतली गाडी आठवड्याभरात गायब होते. त्यामुळे कंपाउंडला हिरवी जाळी लागलेली दिसली की त्याच दिवशी डोकावून या. महालच्या वाड्यांत गाड्या कमी, कारण गल्ल्या अरुंद. पण तिथे हेराल्ड सापडण्याची शक्यता असते. हेराल्ड पंचवीस फुटांच्या आसपासच्या गोलात वळते, त्या गल्लीत दुसरी कुठली गाडी नांदलीच नसती.

सदरकडची आणि कामठी रोडवरची जुनी गॅरेजं हे दुसरं ठिकाण. चकाचक वर्कशॉप टाळा. जिथे मिस्त्री सत्तरीचा आहे आणि भिंतीवर फॅन बेल्ट टांगलेले आहेत तिथे थांबा, चहा घ्या. शहरातली कुठली गाडी कोणाच्या आवारात किती वर्षांपासून उभी आहे, हे आरटीओपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

तिसरं, शहराबाहेर : काटोल, नरखेड, सावनेर, उमरेडकडचे संत्र्याचे बगीचे आणि शेतं. जीप तिथे म्हाताऱ्या झाल्या. काहींचं इंजिन काढून पंपाला लावलेलं सापडेल.

वेळ म्हणाल तर खंडेनवमी आणि दसऱ्याची सकाळ. वर्षभर न हललेल्या गाडीवरची ताडपत्रीही त्या दिवशी निघते, पाणी मारलं जातं, बॉनेटवर झेंडूचा हार चढतो. मालक बाहेर असतो, मूड चांगला असतो, आणि गाडीकडे बघणाऱ्याचा त्याला संशय येत नाही. मात्र दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आजूबाजूचे रस्ते वाहतुकीला बंद असतात, म्हणून आपली गाडी घरी ठेवून गल्ल्या पायीच पालथ्या घाला.

कामठी छावणी, वायुसेनानगर आणि सीताबर्डीच्या किल्ल्याच्या आसपास कॅमेरा बाहेर काढू नका. आत कितीही सुंदर जोंगा उभी असो.

4. गाडी वाचायची कशी

नवशिके ग्रिल आणि रंग बघतात. नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यात आधी बदललेल्या असतात.

अँबेसेडरचंच घ्या. पुस्तकी ओळख अशी : मार्क वनच्या बॉनेटवर खळगे-उंचवटे, मार्क टूला बारीक चौकटींची जाळी, मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या, मार्क फोरला मोठी जाळी आणि शेजारी वेगळे चौकोनी पार्किंग दिवे. पण मार्क टूला अपघातानंतर मार्क फोरचं तोंड बसवणं हा डेंटिंगवाल्यांचा रोजचा धंदा होता. म्हणून आत डोकावा. गिअरचा दांडा स्टिअरिंगला की खाली? खाली असेल आणि पाच गिअर असतील तर ती 1993 नंतरची इसुझू इंजिनवाली 1800 असायची शक्यता मोठी. जुनी असेल तर 1489 सीसीचं इंजिन, आणि अगदी सुरुवातीची असेल तर साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं जुनं इंजिन.

फियाटमध्ये दार बघा. पुढचं दार मागच्या बाजूला बिजागरी घेऊन उलटं उघडत असेल, तर ती डुक्कर फियाटच्या पिढीतली. सरळ उघडत असेल आणि मागे छोटे पंख असतील, तर डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी यांपैकी एक. या तिघींची बॉडी एकच, आणि यांच्यात फरक करायला नाव लिहिलेला बिल्ला आणि कागदपत्रं याशिवाय दुसरा भरवशाचा रस्ता नाही. जो लांबून बघून ‘ही प्रेसिडेंटच’ म्हणतो, तो थाप मारतो.

हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलंडतं. एकदा उघडलेलं बघितलं की विसरणं शक्य नाही. इंजिन, पुढची चाकं, सस्पेन्शन सगळं उघड्यावर येतं आणि मिस्त्री चाकावर बसून प्लग काढतो. उभी असताना मागची चाकं जरा तिरकी दिसली तर ती बिघडलेली नाही, तिची ठेवणच तशी.

डॉल्फिनला गंज नसतो, कारण पत्राच नसतो. फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा जातात. त्या दिसल्या आणि गाडी दोन दारांची, आखूड असली, तर आनंदाने उडी मारा.

स्टँडर्ड 2000 लांबून परदेशी वाटते : लांबलचक, उतरत्या पाठीची, पाच दारांची. बॉडी इंग्लंडच्या रोव्हरची. बॉनेट उघडलं की भ्रमनिरास होतो, आत जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं दोन लिटरचं इंजिन. मोठ्या किमतीला विकलेली ही गाडी तीन वर्षांत आटोपली, यात मला तरी नवल वाटत नाही. म्हणूनच ती बघायची.

आता जीप. विदर्भात ‘युद्धातली जीप’ म्हणून जितक्या दाखवल्या जातात, तितक्या खऱ्या असत्या तर दुसरं महायुद्ध काटोल नाक्यावरच लढलं गेलं असतं. ग्रिलच्या उभ्या फटी मोजा. नऊ फटी म्हणजे विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू, युद्धकाळातली. सात म्हणजे युद्धानंतरची नागरी सीजे. मग हेडलाइट : युद्धकाळातल्या जीपचे लहान आणि ग्रिलच्या आत ओढलेले, नागरी जीपचे मोठे. मग मागे जा. खालीवर होणारा फाळका असेल तर नागरी. युद्धकाळातल्या जीपला मागे सपाट पत्रा आणि त्यावर स्टेपनी. ग्रिल बदललेली असू शकते, म्हणून खाली वाका आणि रेडिएटरपुढचा, चेसिस जोडणारा आडवा दांडा बघा : गोल नळी असेल तर विलीज, उलट्या ‘यू’च्या आकाराची पट्टी असेल तर फोर्ड. फोर्डने बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा आपलं ‘एफ’ उमटवलं होतं. टॉर्च त्यासाठीच आणायला सांगितला.

बॉनेट ग्रिलच्या मानाने खूप उंच, गाडी जरा बोजड दिसत असेल तर ती सीजे-3बी. आतलं इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट उंच. अमेरिकेत तिचं उत्पादन 1968 ला थांबलं, महिंद्राने मात्र पुढे अनेक वर्षं चालू ठेवलं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप याच.

जोंगा जीपपेक्षा अंगाने दीडपट. मूळ निसानची ‘पॅट्रोल’ नावाची गाडी, सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं इंजिन. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा जबलपूर रस्त्याने इकडे आल्या आणि बऱ्याच जणांनी पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून आत डिझेल इंजिन बसवलं. आवाजावर जाऊ नका.

5. नंबर प्लेट : निम्मी कुंडली

एमएच 31 नागपूर शहर, एमएच 40 ग्रामीण, एमएच 49 नागपूर पूर्व. ही पद्धत 1989 च्या सुमारास आली. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. महाराष्ट्रातल्या अशा नंबरांची सुरुवात बहुधा ‘एम’ ने, त्याआधीच्या मुंबई राज्यातल्यांची ‘बी’ ने. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि इंग्रजांच्या काळात सी.पी. अँड बेरारची. त्यामुळे जुन्या फोटोत ‘सीपी’ पासून सुरू होणारा नंबर दिसला तर गाडी इथलीच, परप्रांतातली नव्हे.

इथला सापळा असा : 1962 च्या गाडीवर एमएच 31 असेल तर नंबर खोटा आहे असं नाही. ती 1989 नंतर दुसऱ्या राज्यातून आली असेल किंवा पुन्हा नोंदली गेली असेल. उलट तीन अक्षरी नंबर असला म्हणजे गाडी पन्नास वर्षांची असंही नाही; 1988 ची मारुतीही तीन अक्षरीच.

1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आणि पेंटरने हाताने काढलेल्या, सावली दिलेल्या आकड्यांच्या पाट्या भराभर उतरू लागल्या. जुनी पाटी दिसली की आधी तिचा फोटो घ्या. मात्र नंबर दिसेल असा फोटो मालकाला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

6. मालकाशी बोलणं

फाटकाबाहेरून चोरून फोटो काढू नका. पाचव्या सेकंदाला आतून आवाज येतोच, “काहाले फोटो काढून राहिले हो?” मग तुम्ही काहीही सांगा, वाटतं ते चोरच.

बेल वाजवा. नमस्कार करा आणि गाडीचं नाव घ्या : “काका, ती मार्क टू आहे ना?” एवढ्याने निम्मं काम होतं. चुकलात तरी बिघडत नाही, काका दुरुस्त करतील आणि दुरुस्त करता करता फाटक उघडतील. “विकायची आहे का?” हे पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. भंगारवाले, दलाल आणि लग्नाला गाड्या भाड्याने देणारे हेच विचारून गेलेले असतात, आणि त्या प्रश्नानंतर आतून चहा येत नाही.

परवानगी मिळाली की फोटोंचा क्रम ठेवा : पुढून तिरका, बाजूने पूर्ण, मागून, डॅशबोर्ड, गिअर, बिल्ले, काचेच्या कोपऱ्यातला छाप, दिव्यांवरची कंपनीची नावं आणि बॉनेटखालची कंपनीची पट्टी. दिव्यावर किंवा डायनामोवर नुसतं ‘लुकास’ असेल तर माल बहुधा इंग्लंडचा. ‘लुकास-टीव्हीएस’ असेल तर 1961 नंतरचा भारतीय. पार्ट बदललेला असू शकतो, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही, पण तीन-चार पुरावे एकाच सालाकडे बोट दाखवू लागले की खात्री धरायला हरकत नाही.

7. आठवणी कशा काढायच्या

“गाडी कोणत्या साली घेतली?” असं विचारलं की हमखास चुकीचं उत्तर मिळतं. “कोणाच्या लग्नात पहिल्यांदा वापरली?” असं विचारा. लग्नाचं साल घरातल्या बायकांना पक्कं माहीत असतं. काकांना विचारून झालं की काकूंनाही विचारा. गाडीचं इंजिन काकांना आठवतं, पण तिच्यात कोण कोण कोंबलं होतं, रामटेकला जाताना कोण ओकलं आणि डिकीत संत्र्यांची पेटी गळून कसला वास आठवडाभर राहिला, हे काकूंना.

नागपूरकरांकडून काढून घ्यायच्या आठवणी ठरलेल्या आहेत. मे महिन्यात फियाट बंद पडण्याची एक आठवण घरोघर असते. उन्हाने इंजिनवरच्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप ओढेनासा व्हायचा. मग बॉनेट वर करून पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं झाडाखाली थांबायचं, पुन्हा चावी मारायची. काही गाड्यांत ते फडकं पंपाला कायमचं गुंडाळलेलंच असायचं. ताडपत्रीखालच्या फियाटचं बॉनेट उघडायला मिळालं तर ते अजून तिथे आहे का बघा. दुसरी आठवण हिवाळी अधिवेशनाची. डिसेंबरात आमदार निवास आणि रविभवनाकडे पांढऱ्या अँबेसेडरच्या रांगा लागायच्या. त्या काळात सरकारी चालक म्हणून काम केलेला कोणी भेटला तर एक संध्याकाळ राखून ठेवा.

घरचा अल्बम मागा. टेकडीच्या गणपतीपुढे हार घालून उभी केलेली गाडी आणि तिच्याभोवती अख्खं कुटुंब, असा फोटो पुष्कळ घरांत निघतो. नंबर, मागच्या दुकानांच्या पाट्या आणि फोटोच्या पाठीमागचा स्टुडिओचा शिक्का टिपून घ्या.

मग सगळं ताडून बघा. “बाबांनी 1965 साली पद्मिनी घेतली” हे खरं असू शकत नाही; तेव्हा ती डिलाइट होती, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. “स्वातंत्र्याच्या वर्षीची लँडमास्टर” हेही नाही. पण हे तोंडावर सांगू नका. वहीत दोन रकाने करा : एकात घरचे काय म्हणाले, दुसऱ्यात गाडी काय म्हणते. दोन्ही जपून ठेवण्यासारखे असतात.

8. लग्नातली ‘विंटेज’

वरातीत दिसणारी उघडी, सोनेरी दिव्यांची, मडगार्डला वेलबुट्टी असलेली गाडी पुष्कळदा जीप किंवा जिप्सीच्या चेसिसवर बांधलेली असते. चाकांचे बोल्ट, टायरची रुंदी आणि डॅशबोर्डवरचे मीटर बघा, पाच मिनिटांत कळतं. त्यांच्यावर रागावू नका, फक्त वहीत लिहू नका. तसंही ‘विंटेज’ हा शब्द जाणकार 1919 ते 1930 मधल्या गाड्यांसाठीच वापरतात.

9. घेण्याची हुक्की आलीच तर

येणारच आहे, म्हणून आत्ताच सांगतो. गाडी मिळते, कागद मिळत नाहीत. पैसे देण्याआधी हे जमलंय का बघा :

- मूळ आरसी बुक आणि त्यावरचा चेसिस व इंजिन नंबर. गाडीवरच्या नंबरांवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आकडा-आकडा जुळवा.
- आरसीवरचा मालक हयात आहे का? नसेल तर आधी वारसाच्या नावावर, त्यासाठी फॉर्म 31. वारस चार असतील तर चौघांची संमती लेखी. तिसरा भाऊ पुण्याहून नंतर येतोच.
- तुमच्या नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. दुसऱ्या आरटीओची किंवा राज्याची गाडी असेल तर फॉर्म 28 वर ना-हरकत.
- नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनंतर वाढवली होती का? नसेल तर फॉर्म 25, दंड आणि पर्यावरण कर यांचा हिशेब आधी करा.
- विमा आणि पीयूसी.

गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल, तर 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज फॉर्म 20 वर, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ज्यांना रविवारी सकाळी फुटाळ्यावर चक्कर मारायची आहे, त्यांनी या वाटेला न जाता साधी नोंदणीच चालू ठेवावी, आणि मिस्त्री आधी पक्का करून मगच बयाणा द्यावा.